त्याची पळण्याची पुस्तकं

आमच्या घरात पळण्याची पुस्तकं आली ती मुलीच्या गणितामुळे. ती तेव्हा बारावीला होती आणि तिला एक जुनं गाइड हवं होतं, ते दुकानात कुठे मिळत नव्हतं. रविवारी सकाळी नवरा आमच्या मयूर विहारहून जुन्या दिल्लीत दर्यागंजला गेला. तिथे तेव्हा फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरायचा. गाइड काही मिळालं नाही, पण एक पातळसं इंग्रजी पुस्तक घेऊन तो परत आला. मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं. उरलेल्या अर्ध्यात एका माणसाचे पाय आणि ओला रस्ता, एवढंच दिसत होतं.

"हे काय आणलंस?"

"धावण्यावर आहे."

"पळण्यावर पुस्तक काय लिहायचं? एक पाय पुढे टाकायचा, मग दुसरा."

"तेच लिहिलंय," तो म्हणाला. "पण बरंच लिहिलंय."

तो तेव्हा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात फायलींमध्ये बुडालेला असायचा, पोट सुटलेलं, जिन्यापेक्षा लिफ्टवर जास्त प्रेम. थंडीचे दिवस होते. बाल्कनीत ऊन यायचं तेवढा वेळ खुर्ची सरकवत सरकवत त्याने ते पुस्तक वाचलं. संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारलं, "माझे ते पांढरे बूट कुठे आहेत गं?" आणि संजय झील या तळ्याकाठच्या बागेत जाऊन आला. आला म्हणजे आमच्या बिल्डिंगपर्यंत आला. दोन मजले चढवेनात म्हणून खाली पायरीवरच बसून राहिला. मी वरून हाक मारली तर मान वर करून म्हणाला, "पुस्तकात लिहिलंय. पहिल्या दिवशी असंच होतं."

पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात हे वाक्य ऐकू येत राहिलं. केळं कधी खायचं, मोजे कसे धुवायचे, दमल्यावर काय विचार करायचा, सगळं पुस्तकात लिहिलेलं असायचं. मी 'पळणं' म्हणायचे आणि तो दर वेळी दुरुस्त करायचा. "पळतात ते चोर. मी धावतो."

एकाची दहा झाली, दहाचं एक कपाट झालं. नवरा वारल्यावर पळायला लागलेली कुठलीशी नर्स, तुरुंगाच्या अंगणात गोल गोल पळणारा एक माणूस, डोंगरात पळणारी एक बाई. बहुतेक पुस्तकं इंग्रजी. मराठी एकच होतं, ते तालुक्याच्या गावच्या एका निवृत्त शाळामास्तरांनी स्वतःच छापलेलं. कपाट मी पुसायचे, त्यामुळे अधूनमधून मीही चाळायचे. सगळ्यांत ठरलेल्या जागा असायच्या. कुत्रं मागे लागतं, पायाच्या बोटाचं नख काळं पडून गळतं, घरात कोणीतरी जातं, आणि मोठ्या शर्यतीत बरंच अंतर गेल्यावर माणूस पार संपतो, रस्त्यात बसतो, मग उठतो.

"एक वाचलं की सगळी वाचल्यासारखीच आहेत ही," मी म्हणायचे.

"एक पोळी खाल्लीस की झालं का तुझं?" तो म्हणायचा.

माझं त्या पुस्तकांशी काही वाकडं नव्हतं. माणूस घरी आनंदात परत येत होता.

इंडिया गेटला पळताना त्याला एक जण भेटला. मराठवाड्यातला, वयाने बराच लहान, कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात नोकरीला. बायको-मुलं गावी, हा इथे एका खोलीत एकटा. रविवारी पळून झालं की दोघं सदनाच्या कँटीनमध्ये पोहे खायचे आणि पुस्तकांवर बोलत बसायचे. एकदा मी सोबत गेले होते. तो नवऱ्याला 'दादा' म्हणायचा, मला 'वहिनी'. कुठल्या पुस्तकातला माणूस खरा वाटतो आणि कुठला बाता मारतो, यावर दोघांचं इतकं जोरात चाललं होतं की पलीकडच्या टेबलवरचे आमदारांचे पाहुणे वळून बघायला लागले.

"तुला काय एवढं आवडतं रे त्यात?" मी त्याला विचारलं.

तो जरा लाजला. "वहिनी, संध्याकाळी खोलीवर गेलं की बोलायला कोणी नसतं. टीव्ही लावला तर तो आपल्याशी बोलत नाही. ह्या पुस्तकांतला माणूस पण एकटाच असतो. पण त्याचं एकटेपण चाललेलं असतं कुठंतरी."

नवरा माझ्याकडे बघत होता, बघ, अशा नजरेने.

मग नवऱ्याला तो खोकला आला. दिवाळीनंतर दिल्लीत खोकला कोणाला नसतो? माझ्या ऑफिसमध्ये अख्खा मजला खोकत असतो. तो मास्क लावून पळायला जायचा, येऊन मास्क धुवायचा, पाणी काळं निघायचं. त्याचा वेग कमी झाला. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, असं होतं, मध्येच शरीर नको म्हणायला लागतं, त्यावर एक अख्खं प्रकरण आहे. शरीर थांब म्हणतं तेव्हा लगेच ऐकायचं नसतं, असं त्या प्रकरणात होतं.

होळी झाली, हवा निवळली, सगळ्यांचे खोकले गेले. त्याचा गेला नाही. मे महिन्यात एकदा मेट्रो स्टेशनच्या जिन्यात तो मध्येच कठडा धरून उभा राहिला. मागून येणारे दोन्ही बाजूंनी वर जात राहिले. इतक्या वर्षांत मी त्याला जिन्यात थांबलेलं पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो.

फुफ्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. स्पंजसारखी असतात, ती आता हळूहळू चामड्यासारखी होत जाणार. जेवढी झाली तेवढी परत मऊ होत नाहीत. औषधाने फक्त वेग कमी होतो.

मी विचारलं, "दौड़ने से हुआ क्या? इस हवा में?"

"मैडम, दौड़ने वालों को भी होता है, न दौड़ने वालों को भी," ते म्हणाले. हवेमुळे असेल, वंशातून आलं असेल, कशामुळेच नसेल. कारण सापडत नाही, हेच त्या आजाराचं नाव होतं. ते आणखी म्हणाले की हे पळत होते म्हणूनच लवकर लक्षात आलं. पुढे आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घेतलं. ते म्हणाले, पळत होते म्हणून इतके दिवस लपून राहिलं. दोघंही अनुभवी होते, दोघंही चांगले बोलले. मी दोघांनाही मान डोलावली.

घरी येऊन मी कपाटासमोर उभी राहिले. कशावर तरी राग काढायचा होता. तो आत झोपला होता. मी एकेक पुस्तक काढून गोणीत भरलं, कबाडीवाल्याला द्यायचं म्हणून. गोणी भरली आणि मग ती मला उचलेना. ओढली तर फाटायला लागली. तेवढ्यात तो दारात येऊन उभा राहिला. मी सगळी पुस्तकं परत लावली. लावून झाल्यावर म्हणाला, "उंच पुस्तकं उजव्या हाताला होती."

पावसाळा संपता संपता ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. त्याची नळी लांब होती, पलंगापासून बाल्कनीपर्यंत पोचायची. पुण्याहून नणंद रोज फोन करायची, इकडे या, दिल्ली सोडा. डॉक्टरही म्हणाले, थंडीत बाहेर काढता आलं तर बघा. पण प्रवासाचीच भीती होती, आणि तो म्हणायचा, "तिथे मी कोणाला ओळखतो? माझं सगळं इथे आहे." माझी निवृत्ती जवळ आली होती, रजा शिल्लक होती. मी घरी बसले.

चष्म्याची काडी आणि नळी, दोन्ही त्याच्या कानामागून जायच्या. तिथे जखम झाली. चष्मा लावला की दुखायचं. एका दुपारी तो म्हणाला, "तू वाचून दाखव ना."

"काय वाचू? पेपर?"

त्याने कपाटाकडे बोट दाखवलं.

मला ते क्रूर वाटलं. ज्याला बाथरूमपर्यंत जाताना दोनदा टेकावं लागतं त्याला मी पळणाऱ्यांच्या गोष्टी वाचून दाखवायच्या? पण तो थांबून राहिला होता. मी ते नर्सचं पुस्तक काढलं आणि वाचायला लागले. इंग्रजी बघायचं आणि तोंडाने मराठी बोलायचं, कारण इंग्रजी मोठ्याने वाचलं की ऑफिसचं सर्क्युलर वाचल्यासारखं वाटायचं. शर्यत जिंकायचा भाग आला की तो हात हलवायचा, पुढे चल. नख गळलं, पुढे चल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुढे चल. एका ठिकाणी तिला चढावर धाप लागते, छाती फुटेल असं वाटतं आणि ती श्वास मोजायला लागते. तो म्हणाला, "थांब. हे परत वाच."

मी परत वाचलं. त्याने डोळे मिटले होते.

त्यानंतर मी सगळ्या पुस्तकांतून तेवढंच शोधून वाचत गेले. दम लागतो तिथे, श्वास पुरत नाही तिथे, आणि मग पुन्हा सापडतो तिथे. मला वाटत आलं होतं की ही पुस्तकं पायांची आहेत. ती सगळी श्वासावरच लिहिलेली होती. कुणाचा आत येताना अडायचा, कुणाचा बाहेर जाताना. कुणी झाडं मोजायचं, कुणी मुलांची नावं घ्यायचं. तो ऐकताना मध्येच डोळे उघडून म्हणायचा, "हा खोटं बोलतोय, हा कधी एवढा पळालाच नाहीये." स्वतःच 'पळालाच' म्हणायचा आता. मी दुरुस्त केलं नाही.

वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पांघरुणाखाली त्याचे पाय हलायचे. फार नाही, घोट्यातून थोडेसे, एक मग दुसरा. मी वाचायची थांबले की थांबायचे. म्हणून मी घसा सुकला तरी वाचत राहायचे.

सदनातला मित्र त्या थंडीत पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉन धावणार होता. नवऱ्यानेच त्याला वर्षभर आधी तयार केलं होतं, पुस्तकं देऊन देऊन. तो दर रविवारी आमच्याकडे यायचा, येताना पोहे बांधून आणायचा. एका रविवारी नवरा त्याला म्हणाला, "नको धावूस."

त्याला वाटलं चेष्टा आहे. "काय दादा!"

"खरंच सांगतो. खिडकीतून बघ. समोरची बिल्डिंग दिसते का? ह्या हवेत चार-पाच तास छाती उघडून धावणार तू?"

"सगळेच धावतात, दादा."

"सगळ्यांचं मला माहीत नाही. तुला मी सांगतोय."

तो बराच वेळ हातातल्या डब्याचं झाकण लावत-काढत राहिला. मग म्हणाला, "तुम्हीच दिलेली पुस्तकं आहेत, दादा. त्यातल्या प्रत्येकाला कुणीतरी नको म्हटलेलंच आहे. घरच्यांनी, डॉक्टरनं. आणि तो गेलाच." थांबून हळूच म्हणाला, "माझ्याकडं दुसरं काय आहे इथं?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मित्राला हवेची भीती दाखवायला आमच्याकडे मशीन होतं, नळी होती, आणि दोन डॉक्टरांचं मत होतं की कारण माहीत नाही. शेवटी नवरा म्हणाला, "सुरुवातीला जोरात जाऊ नकोस. सगळ्यांची तीच चूक होते."

शर्यतीच्या दिवशी मित्र सरळ आमच्याकडे आला. चालताना पाय फाकवून चालत होता. बूट दारातच काढले, आणि मेडल खिशात होतं तरी बाहेर काढलं नाही. मी पाहिलं, खिशातून फीत लोंबत होती.

"बस," नवरा म्हणाला. "सांग. पहिल्यापासून."

"सांगण्यासारखं काही नाही, दादा."

"सांग म्हणतो ना."

मग तो सांगायला लागला. आधी अडखळत, नंतर भडाभडा. "रस्ता रिकामा होता, दादा. आपण बसनं जातो तोच रस्ता, पण एक गाडी नाही. निम्म्यापर्यंत काहीच झालं नाही. मग पुढं पोटरीत गोळा आला आणि मी दुभाजकावर बसलो. बसायचं नसतं, माहीत होतं. बसलो. काय करावं कळेना म्हणून घरी फोन लावला. बायको म्हणाली, कुठं आहात? म्हटलं, मॅरेथॉन पळतोय. ती म्हणाली, कशाला?"

"मग?" नवरा पुढे वाकला होता.

"मग उत्तर देता येईना, म्हणून उठलो."

नवरा हसला. किती दिवसांनी मोकळा हसला. पांघरुणाखाली त्याचे पाय चालू होते. "आणि श्वास? शेवटी श्वास कसा होता?"

मित्राने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "शेवटी शेवटी छातीत वाळू भरल्यासारखं झालं, दादा."

"हं," नवरा म्हणाला. "तसंच. अगदी तसंच."

आणि मग त्याला खोकला आला. हसण्यामुळे, बोलण्यामुळे, कशामुळे कोण जाणे. खोकला थांबेना. ओठ निळसर दिसायला लागले. मी मशीनचा आकडा वाढवला, पाठीमागे उशा लावल्या, पाठीवर हात ठेवून बसले. हातापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. मित्र उठून दारापाशी गेला होता. बूट उचलून हातात धरून तसाच उभा होता. जावं की थांबावं, त्याला कळत नव्हतं. खोकला ओसरल्यावर नवऱ्याने हात पुढे करून बोटं हलवली, दाखव. त्याने मेडल काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. नवऱ्याने ते उलटसुलट करून पाहिलं, वजन बघितल्यासारखं केलं आणि परत दिलं.

मुलगी दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेला राहते. नोकरी विमानतळाच्या बाजूला. शनिवारी ती मेट्रोच्या ब्लू लाइनने यायची आणि रविवारी जायची. एका शनिवारी ती म्हणाली, "आई, तू जरा पड. आज मी वाचते." तिने मुद्दाम मास्तरांचं मराठी पुस्तक काढलं. दिल्लीत वाढलेली मुलगी, मराठी बोलते झकास, पण वाचताना एकेक अक्षर धरून चालते. आणि तिला शब्द अडायचे.

"बाबा, पोटरी म्हणजे काय?"

त्याने पायजमा वर केला. "ही."

मी पलीकडच्या खाटेवरून बघत होते. त्या पायांवर बसून ती लहानपणी झोके घ्यायची, पुढे धावून धावून पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. आता कातडी नुसती लोंबत होती. तिने पाहिलं, "अच्छा," म्हणाली आणि घाईघाईने पुढची ओळ वाचायला लागली.

मास्तरांनी एका ठिकाणी लिहिलं होतं की घरातून निघाल्यावर पहिली काही मिनिटं प्रत्येकाला परत फिरावंसं वाटतं, त्यात लाज नाही. ती वाचता वाचता बोलून गेली, "बिल्कुल. असंच होतं."

तो वळला. "तुला कसं माहीत?"

तिने पान उलटलं.

"धावतेस?"

"थोडंसं. पावसाळ्यापासून."

"कुठे?"

"सेक्टरच्या आतल्या रस्त्याने. मास्क लावते, बाबा."

"मास्कने काही होत नाही."

"माहितीये."

"मग कशाला?"

"तू इतकी वर्षं सकाळी उठून कुठे जायचास, ते बघायचं होतं यार," ती म्हणाली.

त्याचा चेहरा मला नीट आठवतो, पण सांगता येत नाही. त्याला आनंद झाला होता. आणि त्याच क्षणी तो घाबरला होता. दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावत नव्हतं. त्याने तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाला, "बंद कर."

"ठीक आहे," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात येऊन ती ओट्याला टेकून रडली. "आई, सांग ना, बंद करू का? मी नाही गेले तर त्याला बरं वाटेल का? गेले तर बरं वाटेल का?" मी कणीक मळत होते. मी तिला म्हटलं, "ह्यात जरा पाणी घाल," आणि तिने पाणी ओतलं, जास्तच पडलं.

दोन-तीन दिवसांनी त्याने स्वतः तिला फोन केला. "बूट कुठले घेतलेस? अंगठ्याला जागा आहे का?" मग रोजचंच झालं. सकाळी उठला की आधी फोनवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघायचा आणि तिला सांगायचा, आज जा, आज नको. मित्रालाही सांगायचा. दोघंही 'हो' म्हणायचे. ऐकायचे किती, देवाला माहीत. जानेवारीत असे लागोपाठ दिवस आले की रोजच 'नको' म्हणावं लागलं. तो फोन ठेवून माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "मी त्यांना ही पुस्तकं दिली नसती तर?"

"तर त्यांनी दुसरं काहीतरी केलं असतं," मी म्हणायचे. याच्यापेक्षा बरं मला काही सुचत नव्हतं.

फेब्रुवारीत एका दुपारी वीज गेली आणि इन्व्हर्टरने साथ सोडली. कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर होता, पण त्याची चावी माझ्या हाताने फिरेना. मी बाल्कनीत जाऊन ओरडले, खालून शेजारी धावत आले, त्यांनी फिरवली. तो सगळा वेळ डोळे मिटून पडला होता, ओठ हलत होते. नंतर मी विचारलं, देवाचं नाव घेत होतास का? म्हणाला, "झाडं मोजत होतो. झीलच्या कडेची."

मार्चच्या शेवटी त्याला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. त्या आठवड्यात हवा इतकी चांगली होती की लोक फोटो काढून एकमेकांना पाठवत होते. तेव्हा आम्ही डोंगरात पळणाऱ्या बाईचं पुस्तक वाचत होतो. बर्फाच्या खिंडीच्या अलीकडे ती वाट चुकते, तिथपर्यंत आलो होतो. मी ते पिशवीत टाकून नेलं. आयसीयूत पुस्तक नेऊ देत नव्हते. मी बाहेर बाकावर ते मांडीवर घेऊन बसून असायचे, उघडायची इच्छा व्हायची नाही.

दिवसातून दोनदा आत सोडायचे. त्याच्या तोंडावर घट्ट मास्क होता, बोलता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने चादरीवर दोन बोटं चालवून दाखवली, चढावर चालतात तशी, आणि माझ्याकडे भुवया उंचावल्या.

"पोचली," मी म्हटलं. "खिंडीच्या वर पोचली. वर ऊन होतं."

मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. त्याने मान हलवली. मला कळलं की त्याने ते पुस्तक आधी वाचलेलं आहे, त्याला शेवट माहीत आहे, आणि तो माझ्यासाठी मान हलवतोय.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

पुस्तकांचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. मित्र म्हणाला, "वहिनी, राहू द्या, मी एकेक नेत जाईन." पण तो नेतो ते परत आणतो, त्यामुळे कपाट रिकामं होत नाही. तो पळणं सोडून देणार होता. महिनाभर सोडलं, मग परत सुरू केलं. मला सांगताना गुन्हा केल्यासारखा उभा होता. मी त्याला चहा दिला.

या थंडीत मी बरेच दिवस मुलीकडे द्वारकेला आहे. सकाळी तिचा अलार्म वाजतो तेव्हा मी जागीच असते. ती अंधुक उजेडात बूट बांधत बसते आणि मी माझ्या फोनवर तो आकडा बघते. कधी बरा असतो, बहुतेकदा वाईट. काल फारच वाईट होता. मी सांगायचं ठरवलं होतं. ती नाडी बांधून उठली, केस वर बांधले, आणि मी म्हटलं, "पाणी घेतलंस?"

"हो, आई. छोटाच राउंड आहे. आलेच."

लिफ्टचं दार बंद झालं. मी बाल्कनीत गेले. आठव्या मजल्यावरून सोसायटीचं गेट तेवढं दिसत होतं, त्यापुढे सगळं राखाडी. ती गेटमधून बाहेर पडली, गार्डला हात केला, दोन पावलं चालली आणि मग धावायला लागली. लाल जॅकेट थोडा वेळ दिसलं. मी आत येऊन चहाचं आधण ठेवलं, गॅस बारीक केला आणि परत कठड्याशी जाऊन उभी राहिले.